घर गावात असो की घाटकोपरात: आर्किटेक्ट, इंजिनिअर की इंटिरियरवाला, नेमकं कुणाला बोलवायचं?

पाटण, जावळी, महाबळेश्वर या तालुक्यांतली कित्येक घरं मुंबईच्या पगारावर उभी राहिलेली आहेत. एक भाऊ गावात शेती बघतो, दुसरा घाटकोपर, मुलुंड, अंधेरी नाहीतर बोरिवलीत नोकरी करतो. त्यामुळं घरात बांधकामाचा विषय निघाला की तो एकाच ठिकाणचा नसतो. तिकडं उपनगरातल्या खोलीची मोरी गळते, फरशी बदलायची असते, पोराचं लग्न ठरलं म्हणून आडवी भिंत काढून हॉल मोठा करायचा असतो. इकडं गावातलं जुनं मातीचं घर पाडून स्लॅबचं बांधायचं असतं.

दोन्हीकडं पैसा एकाच घरातला, बहुतेक वेळा पीएफ, सोसायटीचं कर्ज किंवा विकलेल्या जनावरांचा. आणि दोन्हीकडं पहिली चूक एकसारखी होते. आपण आधी मिस्त्री ठरवतो, मग सिमेंट-सळईचा भाव काढतो आणि नकाशा, डिझाइन हे "बघू नंतर" म्हणून सोडून देतो. खरं तर क्रम उलटा पाहिजे. आधी डोकं चालवणारा माणूस, मग हात चालवणारा.

हा लेख त्या पहिल्या माणसाबद्दल आहे. तो कोण असतो, त्याचे कागद कसे बघायचे, त्याला काय विचारायचं, पैसे कसे द्यायचे. मोबाईलमध्ये जपून ठेवा आणि मुंबईच्या भावालाही पाठवा.

घाटकोपरची इमारत विसरू नका

२५ जुलै २०१७. घाटकोपर पश्चिमेला दामोदर पार्क भागातली चार मजली सिद्धी साई ही इमारत सकाळी साडेदहाच्या सुमारास कोसळली. १७ माणसं गेली. तळमजल्यावर पूर्वी नर्सिंग होम होतं आणि त्या जागेत नूतनीकरणाचं काम चालू होतं. त्या कामात इमारतीच्या कॉलमना हात लावला, असा आरोप झाला. पोलिसांनी गुन्हा दाखल करून तळमजल्याच्या मालकाला अटक केली.

यातली लक्षात घ्यायची गोष्ट अशी की मेलेली बहुतेक माणसं ज्या जागेचं काम चालू होतं तिथली नव्हती, ती वरच्या मजल्यांवर राहणारी होती. म्हणजे फ्लॅट आपल्या नावावर असला तरी त्यातला कॉलम आपल्या एकट्याचा नसतो. तो वरच्या सगळ्यांचं ओझं खाली पायापर्यंत नेतो.

दुसरी घटना महाडची. २४ ऑगस्ट २०२० ला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत पडली, १६ जण गेले. ही इमारत जुनी नव्हती, काही वर्षांपूर्वीच बांधलेली. त्या प्रकरणात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट आणि आरसीसी कन्सल्टंट यांच्यावरही गुन्हा दाखल झाला. म्हणजे कागदावर सही करणाऱ्याची जबाबदारी सही करून संपत नाही. आणि नुसती सही मिळाली म्हणून आपणही निर्धास्त राहायचं नाही.

कोण काय काम करतो

गावात सगळ्यांनाच "इंजिनिअर साहेब" म्हणायची पद्धत आहे. पण ही माणसं वेगवेगळी आहेत.

आर्किटेक्ट: घराची रचना ठरवतो. खोल्या कुठं, उजेड कुठून, हवा कशी खेळणार, जिना कुठं, पावसाचं पाणी कुठं जाणार, पुढं मजला वाढवायचा तर कसा. प्लॅन पास करायची कामंही करतो. बी.आर्क. ही पदवी पाच वर्षांची असते. १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्यानं कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडं नाव नोंदवलेल्या माणसालाच "आर्किटेक्ट" ही पदवी लावता येते. सुप्रीम कोर्टानं २०२० मध्ये स्पष्ट केलं की हा कायदा "आर्किटेक्ट" हे नाव लावण्यावर बंधन घालतो, डिझाइनचं काम करण्यावर नाही. याचा अर्थ आपल्यासाठी सरळ आहे. नकाशा कुणीही काढून देईल, पण पाटीवर "आर्किटेक्ट" लिहिलं असेल तर नोंदणी नंबर मागायचा हक्क आपल्याला आहे.

स्ट्रक्चरल इंजिनिअर किंवा आरसीसी कन्सल्टंट: घर उभं राहील की नाही, हे हा माणूस ठरवतो. पाया किती खोल, कॉलम किती जाड, सळई किती मिलिमीटरची आणि किती, स्लॅबची जाडी किती. भिंत काढायची की नाही, याचं उत्तर फक्त ह्यानंच द्यायचं. आर्किटेक्टनं नाही, इंटिरियरवाल्यानं नाही, मिस्त्रीनं तर नाहीच.

सिव्हिल इंजिनिअर: डिप्लोमा किंवा डिग्री झालेला. तालुक्याच्या गावी बहुतेक घरांचे नकाशे, एस्टिमेट आणि देखरेख हाच करतो. छोट्या घराला चांगला सिव्हिल इंजिनिअर पुरतो. पण प्रत्येक सिव्हिल इंजिनिअर आरसीसी डिझाइन स्वतः करतो असं नाही. तेवढं विचारून घ्यायचं.

लायसन सर्व्हेअर: मुंबईत हा शब्द ऐकायला मिळतो. महापालिकेचा परवाना असलेला, प्लॅन आणि अर्ज दाखल करणारा माणूस.

इंटिरियर डिझायनर: आतली मांडणी, कपाटं, ओटा, लाईट, रंग, फर्निचर. या कामाला आर्किटेक्टसारखा नोंदणीचा कायदा नाही. त्यामुळं चांगले शिकलेलेही आहेत आणि सहा महिन्यांचा कोर्स करून कार्ड छापलेलेही आहेत. ह्यांची पारख कागदापेक्षा केलेल्या कामावरून करायची.

ठेकेदार आणि मिस्त्री: हे काम करणारे. अनुभवी मिस्त्रीचा हात सोन्याचा असतो, त्याबद्दल वाद नाही. पण "मी पन्नास घरं बांधलीत, नकाशा कशाला पाहिजे" असं म्हणणारा मिस्त्री आपल्या जमिनीची माती आणि आपल्या घराचं वजन मोजत नसतो.

कोणत्या कामाला कुणाला बोलवायचं

- रंग, गिलावा, नळ बदलणं, लाईटची किरकोळ कामं: चांगला कारागीर पुरे.
- ओटा, कपाटं, फॉल सिलिंग, बेडरूमची मांडणी: इंटिरियर डिझायनर, किंवा बजेट कमी असेल तर अनुभवी सुतार आणि आपणच काढलेला मापाचा कागद.
- फ्लॅटमधली भिंत पाडणं, नवी भिंत घालणं, मोरी-संडास दुसरीकडं नेणं, पोटमाळा घालणं: आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग बाकी सगळे.
- स्लॅबची सळई दिसायला लागली, बीमला चीर पडली, कॉलमचा गिलावा फुगला: लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअर. वरून गिलावा मारून झाकायचं नाही.
- गावात नवीन घर: आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअर, आणि त्याबरोबर आरसीसी डिझाइन करणारा.
- जुन्या घरावर मजला चढवणं: स्ट्रक्चरल इंजिनिअरशिवाय अजिबात नाही. खालचा पाया एका मजल्याचा असेल तर वर दुसरा मजला म्हणजे बैलाच्या गाडीत ट्रकचा माल.

मुंबईतल्या खोलीचं काम काढताना

पहिलं, इमारत कुठल्या अवस्थेत आहे ते सोसायटीला विचारा. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली भागात जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात आहे. सहा लाख रुपये घालून इंटिरियर केलं आणि वर्षात इमारत रिकामी करायची वेळ आली, तर ते पैसे गेलेच.

दुसरं, इमारतीला ३० वर्षं झाली असतील तर मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे, तेही महापालिकेकडं नोंद असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून. त्या ऑडिटचा अहवाल सोसायटीच्या ऑफिसात असायला पाहिजे. तो बघायला मागा. अहवालात "सी-१" लिहिलं असेल तर इमारत राहायला धोकादायक, पाडायची आहे. "सी-२ ए" म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, "सी-२ बी" म्हणजे रिकामी न करता मोठी दुरुस्ती, "सी-३" म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ही अक्षरं बघितल्याशिवाय फरशीचा रंग ठरवायला बसू नका.

तिसरं, सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी. उपविधीप्रमाणं फ्लॅटमध्ये फेरफार करायला ती लागतेच. रंग, गिलावा, फरशी अशी साधी डागडुजी महापालिकेच्या परवानगीविना करता येते. पण कॉलम, बीम, बाहेरची भिंत यांना हात लावायचा किंवा जागा वाढवायची तर महापालिकेची परवानगी पाहिजे. "सगळेच करतात" हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही.

चौथं, वजनाचा हिशेब. हा डोक्यात पक्का बसवा. साडेचार इंची विटेची, नऊ फूट उंच भिंत दोन्ही बाजूनं गिलावा धरून फुटाला साधारण २०० किलो भरते. दहा फुटांची भिंत म्हणजे दोन टन. शेतातल्या ट्रॉलीवर नजर टाका, म्हणजे दोन टन किती ते कळेल. जुन्या फरशीवरच माल पसरून नवीन फरशी बसवली तर दहा बाय दहाच्या एका खोलीत टनाच्या आसपास वजन वाढतं. आणि राहत्या घराच्या स्लॅबचं डिझाइन करताना माणसं, सामान यांच्यासाठी धरलेला भार असतो चौरस मीटरला २०० किलो. जाणकार डिझायनर म्हणूनच जुनी फरशी काढायला सांगतो, नवी भिंत सिपोरेक्स ब्लॉकची किंवा बोर्डची सुचवतो. सिपोरेक्स ब्लॉक विटेच्या मानानं तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वजनाचा असतो. वजनाचा विषयच न काढणारा डिझायनर असेल तर तिथंच थांबा.

पाचवं, जुन्या बैठ्या चाळी आणि लोड बेअरिंगच्या इमारती. इथं कॉलम नसतात, भिंतच ओझं उचलते. अशा ठिकाणी "ही तर साधी भिंत" असं काही नसतं. भिंतीला दरवाजा पाडायचा तरी आधी तिच्या डोक्याला आधार द्यावा लागतो. आणखी एक. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींना म्हाडाचं दुरुस्ती मंडळ आहे, पण ती सोय उपनगराला नाही. अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकाची किंवा सोसायटीची.

सहावं, पाणी. मोरीची फरशी बदलताना खालचा वॉटरप्रूफिंगचा थर फुटला की गळती खालच्या घरात. मग भांडण, सोसायटीचं पत्र आणि पुन्हा तोडफोड. वॉटरप्रूफिंग कोण करणार, कशानं करणार, पाणी साठवून चाचणी किती दिवस घेणार हे आधी लिहून घ्या.

गावाकडचं घर बांधताना

आपल्या पाटण तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हाच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडं अजून आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ला लातूर जिल्ह्यात किल्लारीला हजारो माणसं गेली, ती मुख्यतः जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि जड माळवदं अंगावर पडून. जमीन हलली म्हणून माणूस मरत नाही, घर पडलं म्हणून मरतो. म्हणून आपल्या भागात डिझाइन करणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: "भूकंपाचा विचार करून आरसीसी डिझाइन केलंय का?" कॉलम-बीमच्या जोडावर रिंगा किती जवळ घ्यायच्या, रिंगेचं टोक आत कसं वळवायचं, हे त्यानं ड्रॉइंगमध्ये दाखवलं पाहिजे. तळमजला पार्किंगसाठी नाहीतर दुकानासाठी सगळा मोकळा ठेवून वर भिंतींची घरं, ही रचना भूकंपात सगळ्यात आधी बसते.

जागेचं बघा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, तिच्यावर उथळ पाया घेतला की भिंतीला तिरक्या चिरा ठरलेल्या. चांगला इंजिनिअर खड्डा घेऊन मुरूम किती खाली लागतो ते बघितल्याशिवाय पायाचं माप देत नाही. शेजारच्या घराचं माप उचलून आणणारा इंजिनिअर आपल्या कामाचा नाही. डोंगराच्या पोटाला जागा असेल तर घराच्या नकाशाआधी जागेचाच विचार करा. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगावला दरड कोसळून काय झालं ते आपण पाहिलंय. उतार तोडून सपाटी केली की वरच्या पाण्याची वाट बदलते. तिथं संरक्षक भिंत आणि पाणी काढून द्यायची चर नकाशातच असली पाहिजे.

परवानगीचं म्हणाल तर राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. मुंबई महापालिका, इको-सेन्सिटिव्ह क्षेत्र असे काही भाग त्यातून वगळलेत. छोट्या प्लॉटला या नियमावलीनं बरीच सवलत दिली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर मालकीचे कागद आणि परवानाधारक तांत्रिक माणसाच्या सहीचा नकाशा दाखल करून, शुल्क भरून काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरच्या प्लॉटलाही सोपी पद्धत आहे. पण "परवानगी लागत नाही" याचा अर्थ "नकाशा लागत नाही" असा होत नाही. उलट सगळी जबाबदारी सही करणाऱ्यावर आणि आपल्यावर येते. काम काढायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन लागणाऱ्या कागदांची यादी लिहूनच घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत. तिथं स्थानिक नियम माहीत असलेलाच आर्किटेक्ट पाहिजे.

कागद असे तपासा

१. आर्किटेक्टचा नोंदणी नंबर मागा. तो "सीए", मग वर्ष, मग नंबर असा असतो. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या वेबसाइटवर नाव शोधता येतं. नोंदणी चालू आहे का, तेही बघा.

२. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडं मुंबईत महापालिकेचा परवाना आहे का, गावाकडं नगरपालिका किंवा नगररचना कार्यालयाचा परवाना आहे का ते विचारा. परवान्याची मुदत बघा.

३. सही कोण करणार आणि काम कोण करणार, हे वेगळं आहे का? काही ठिकाणी नकाशा एक काढतो आणि सहीसाठी दुसऱ्याचा शिक्का आणतो. सही करणारा माणूस एकदाही जागेवर येणार नसेल तर ती सही आपल्या काय कामाची?

४. केलेली तीन कामं दाखवायला सांगा. त्यात एक तरी तीन-चार पावसाळे बघितलेलं पाहिजे. मोबाईलमधले फोटो बघून भुलू नका, कॉम्प्युटरवर काढलेलं थ्रीडी चित्र म्हणजे घर नव्हे. घरी जा, घरच्या बाईला विचारा: ओट्याजवळ उजेड येतो का, मोरीचं पाणी तुंबतं का, जिना चढताना डोकं आपटतं का. खरी हकीकत तिथं कळते.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न

- आमच्याएवढ्या बजेटची कामं तुम्ही करता का?
- आरसीसी डिझाइन कोण करणार? त्याचे पैसे तुमच्या फीमध्ये धरलेत का?
- एकूण किती ड्रॉइंग देणार? पाया, कॉलम, बीम, स्लॅब, सळई, लाईट, पाण्याच्या लाईनी, सगळं वेगवेगळं मिळणार का?
- साइटवर किती वेळा आणि कोणत्या टप्प्याला येणार?
- आम्ही मध्येच बदल सांगितला तर जादा पैसे किती?
- काम पंधरा टक्के वाढलं तर कुठं काटछाट करता येईल?
- तुमच्याच ठेकेदाराकडून काम करून घ्यायची अट आहे का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "डिझाइन फुकट" म्हणणारा ठेकेदार डिझाइनचे पैसे मालात काढतो. तसंच फरशी, नळ, प्लायवूड याच दुकानातून घ्या असा आग्रह धरणारा असेल तर दुकानातला भाव आपण स्वतः दुसरीकडं विचारून बघा. डिझाइन करणारा आणि काम करणारा एकच असेल तर कामातली चूक कोण दाखवणार, हा विचार करा.

आणि भेटीला जाताना आपणही तयारीनं जा. घरात माणसं किती, म्हाताऱ्या माणसांना संडास किती जवळ पाहिजे, गौरी-गणपतीला किती जण झोपायला असतात, गोठा आणि वैरण कुठं, धान्याच्या कणग्या कुठं, पुढं दोन भावांच्या वाटण्या झाल्या तर घर कसं विभागेल, हे एका कागदावर लिहा. मुंबईच्या २६९ फुटांच्या खोलीसाठी तर हे जास्तच गरजेचं. एकेका फुटाचा हिशेब असतो.

चांगला आर्किटेक्ट पुढचा विचार कसा करतो याचं उदाहरण नवी मुंबईतच आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात बेलापूरला छोट्या घरांची वसाहत डिझाइन केली. घरं लहान लहान, पण दोन घरांत सामाईक भिंत नाही. कारण काय, तर पुढं पैसा आला की प्रत्येकाला शेजाऱ्याला धक्का न लावता आपलं घर वाढवता यावं. आपल्यालाही असंच हवं असतं. आज दोन खोल्या, पाच वर्षांनी वरचा मजला. हे आधी सांगितलं तर पाया तसा घेता येतो. नंतर सांगितलं तर घेता येत नाही.

फी आणि करार

फी तीन पद्धतीनं ठरते. कामाच्या एकूण किमतीवर टक्केवारी, चौरस फुटावर दर, किंवा ठोक रक्कम. टक्केवारीत काम महाग झालं की फीही वाढते, म्हणून किंमत कोणती धरायची ते आधी लिहा. छोट्या घराला ठोक रक्कम सोपी पडते. नोंदणीकृत आर्किटेक्टनं कामाच्या अटी आणि फी ग्राहकाला आधी सांगून ठरवायची, असं त्यांच्या १९८९ च्या व्यवसाय नियमावलीतच आहे. जीएसटी लागणार असेल तर १८ टक्के धरा आणि "फी जीएसटीसह की वेगळी" हे विचारा.

पैसे टप्प्यानं द्या. थोडी रक्कम सुरुवातीला, काही नकाशा पक्का झाल्यावर, काही सळईची ड्रॉइंग मिळाल्यावर, बाकी साइटच्या भेटींप्रमाणं आणि शेवटचा हप्ता काम पूर्ण झाल्यावर. सगळे पैसे नकाशाच्या दिवशी दिले तर स्लॅबच्या दिवशी फोन उचलला जात नाही, हा गावोगावचा अनुभव आहे. ऑनलाइन किंवा चेकनं द्या, पावती घ्या. करार दोन पानांचा असला तरी चालेल, पण त्यात काम काय, फी किती, टप्पे कोणते, भेटी किती, ड्रॉइंग कोणती, मुदत किती आणि मध्येच थांबलं तर हिशेब कसा, एवढं आलंच पाहिजे.

काम चालू असताना

इंजिनिअरला किमान या वेळी साइटवर बोलवायचंच: चुना टाकून आखणी झाल्यावर, पायाचा खड्डा झाल्यावर, कॉलमची सळई बांधल्यावर आणि स्लॅब भरायच्या आधी. काँक्रीट पडलं की आतलं काही दिसत नाही. म्हणून स्लॅबच्या आदल्या दिवशी सळई मोजून, फोटो काढून ठेवा. सळई खालच्या फळीला टेकलेली नको, खाली कव्हर ब्लॉक पाहिजेत. काँक्रीट पातळ करायला पाणी ओतत असतील तर थांबवा. क्युरिंग निदान सात दिवस, पीपीसी सिमेंट असेल तर दहा दिवस. सेंटरिंग कधी काढायचं ते इंजिनिअर सांगेल, सेंटरिंगवाल्याची घाई नाही.

वाद झाला तर

फी घेऊन काम अर्धवट सोडलं, चुकीचं डिझाइन दिलं, तर ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी लेखी नोटीस द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाख रुपयांपर्यंत दिलेल्या मोबदल्याच्या तक्रारी चालतात आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीला फी नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. नोंदणीकृत आर्किटेक्टच्या गैरवर्तनाबद्दल कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडंही तक्रार करता येते. पण हे सगळं कधी चालेल, तर हातात करार, पावत्या आणि मेसेज असतील तेव्हाच.

पैसे कमी असतील तर

घरकुल योजनेतलं २५ चौरस मीटरचं घर असो की चाळीतली खोली, पूर्ण फी परवडत नाही हे खरं आहे. मग सगळ्याच कामासाठी माणूस नेमू नका, फक्त सल्ल्यापुरते पैसे द्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरची एक भेट आणि पाया-कॉलम-स्लॅबचं एक ड्रॉइंग, एवढ्यावर पैसे वाचवू नका. वाचवायचेच असतील तर फॉल सिलिंग, ग्रॅनाइट, बाहेरचं एलिव्हेशन, रंगीत काच यावर वाचवा. ही कामं पुढच्या वर्षीही होतात. पाया मात्र एकदाच भरला जातो.

मुंबईच्या भावाचं काम या दिवाळीनंतर निघणार असेल तर त्याला एवढंच कळवा: भिंतीला पहिला घण बसण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सही-शिक्क्याचा कागद आणि सोसायटीचं पत्र, दोन्ही हातात पाहिजेत. गावाकडं बांधणार असाल तर पाऊस उघडल्यावर खड्डा घ्या, माती दाखवा, मग नकाशा. मिस्त्री त्यानंतर ठरवा.